चार्जिंग रूमचा पंखा

इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचं भवितव्य काय, यावर दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका ट्रॅक्टरच्या बॅटरीची टोपणं काढत होते. निरोप वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. संपादकांचा राग नाही आला, त्या 'भवितव्य' शब्दाचा आला. नव्वदीच्या दशकात, बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्लांटच्या मागच्या बाजूला, मी ते भवितव्य रोज दुपारी स्वतःच्या हातानं चार्जिंगला लावत होते. त्याचं पुढं काय झालं ते मला कुणी विचारलं नाही. आता विचारताच आहात तर सांगते, पण गोड लिहिता येणार नाही.

मी सुजाता. गाव सांगवी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी. घरात पगाराची नोकरी लागलेली मीच पहिली. तो प्लांट खासगी होता, आता बंद पडलाय. मालकांना नव्याची हौस. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं बॅटरीवर चालणारी एक व्हॅन बनवली होती, ती त्यांनी दुधाच्या पिशव्या पोचवायला म्हणून वापरून बघायला घेतली. आवाज नाही, धूर नाही. सकाळी बारामतीच्या गल्ल्यांतून निघाली की लोक घरातून बाहेर येऊन बघायचे. तिच्या बॅटऱ्यांची देखभाल माझ्याकडं आली. कारण सोपं होतं. बाकीच्या इलेक्ट्रिशियनना मोटारी आणि कॉम्प्रेसरची कामं हवी होती, ॲसिडनं पॅन्टला भोकं पाडून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

बाहेरच्या माणसाला बॅटरी म्हणजे बंद डबा वाटतो. आत काय असतं ते सांगते. शिशाच्या पट्ट्या आणि त्या बुडतील इतकं पातळ केलेलं ॲसिड. ट्रकची बॅटरी इंजिनाला एक धक्का देते आणि मोकळी होते. पैलवानानं एक डाव टाकला आणि बाजूला झाला, तसं. गाडी ओढणाऱ्या बॅटरीचं तसं नसतं, तिला हमालासारखं दिवसभर ओझं वाहायचं असतं. तिच्या पट्ट्या जाड असतात, तिला भरायला आठ-दहा तास लागतात. आणि ती भरत आली की पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात. ते बुडबुडे म्हणजे हायड्रोजन. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा हलका. छताशी जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो.

व्हॅनच्या हौद्याखाली अशा सोळा बॅटऱ्या होत्या. गाडी दाखवायला पुण्याहून जो तरुण इंजिनिअर आला होता, तो चांगला माणूस होता. मला शिकवताना त्यानं कधी "तुम्हाला जमेल का?" असं विचारलं नाही. तो म्हणायचा, "शिसं जड आहे, बाई. अर्धी ताकद स्वतःलाच ओढण्यात जाते. पुढं निकेल येईल, मग लिथियम येईल. जपानात तर पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर पळणारी मोटार करतायत. आपण सुरुवात केलीय." मला ते ऐकायला फार आवडायचं. त्यानं मॅनेजरसाहेबांना एक यादी लिहून दिली होती. गाडी आत घेऊन चार्ज करायच्या खोलीत, म्हणजे चार्जिंग रूममध्ये, छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा. पाण्यानं भरलेलं पिंप. डोळ्यांना चष्मा. आणि मला एकच नियम पाठ करायला लावला, आधी चार्जरचं बटण बंद, मगच क्लिप काढायची, नाहीतर ठिणगी उडते.

चष्मे आले. पिंप आलं. पंखा आला नाही.

मॅनेजरसाहेबांचं नाव लिहीत नाही. त्यांची मुलं मोठी झाली असतील, त्यांचा काही दोष नाही. गाडी चालवायला कऱ्हाटीचे बबनराव होते. आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं, पंचेचाळिशीचे, अंगानं आडवे, बोलायला मऊ. मी त्यांना दादा म्हणायची. ते मला सुजाताबाई म्हणायचे. प्लांटमध्ये बाकी सगळे मला 'ए बॅटरी' म्हणायचे, म्हणून मला ते 'बाई' लक्षात राहिलंय.

साहेबांनी एकदा ठरवलं, गाडी इंदापूरपर्यंत दूध घेऊन जाईल. मी हायड्रोमीटर घेऊन सोळाही बॅटऱ्यांचं ॲसिड तपासलं होतं. त्या काचेच्या नळीत तरंगणारा काटा किती वर राहतो त्यावरून बॅटरीचा जीव कळतो. चार बॅटऱ्या दमलेल्या होत्या. मी सांगितलं, "साहेब, भरल्या गाडीला पन्नास किलोमीटर होणार नाहीत. तीस झाले तरी खूप."

"कंपनीच्या कागदावर साठ लिहिलेत," साहेब म्हणाले. "कागद खोटा का?"

गाडी लासुर्ण्याजवळ थांबली. दादा आणि मी दोघं उन्हात, मागं दुधाच्या पिशव्या. उसाच्या शेतातून एक म्हातारे तात्या आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"डिझेल संपलं व्हय?"

"डिझेलवर न्हाय, तात्या. बॅटरीवर हाय," दादा म्हणाले.

"मग बॅटरी संपली म्हना की." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, बैल गाडीला जुपायच्या आदी त्याच्या तोंडाकडं बगत्यात. तुमी बगितलं न्हाय का?"

"मी बगितलं तात्या," मी म्हटलं. "ज्यांनी जुपलं त्यांनी न्हाय बगितलं."

तात्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरनं आम्हाला जंक्शन गावच्या फाट्यापर्यंत ओढत आणलं. दूध नासलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चार्जिंग नीट झालं नव्हतं. म्हणजे मी नीट केलं नव्हतं. तेव्हा मी गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसायला नको होतं, हे मला नंतर कळलं. गप्प बसलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यांदा काही टाकणं सोपं जातं.

पंख्यासाठी मी दर आठवड्याला स्टोअरला चिठ्ठी द्यायची. तीन-साडेतीन महिन्यांनी तो आला. लोखंडी, जड, चार पात्यांचा. स्टोअरकीपरनं त्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगानं 'बॅ. रूम', म्हणजे बॅटरी रूम, असं लिहिलं, ते मी स्वतः बघितलं. रंग ओला होता म्हणून "उद्या लावू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पंखा स्टोअरमध्ये नव्हता. तो अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर चढलेला होता. साहेबांना फोडणीचा वास सहन होत नव्हता.

फोडणीचा वास! मी साहेबांना जाऊन विचारलं. ते जेवत होते. म्हणाले, "दुसरा मागवलाय. तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेव ना. दोन खिडक्या आहेत, काय कमी आहेत?"

खरंच दोन होत्या. मी त्या कधी बंद होऊ दिल्या नाहीत.

मग पाहुणे यायचं ठरलं. मुंबईचे कुणी मोठे उद्योजक, बँकेचे साहेब, वर्तमानपत्रवाले. गाडी बघणार, तिच्यात बसणार. पुण्याच्या इंजिनिअरला बोलावलं नव्हतं; तो पाहुण्यांसमोर खरे किलोमीटर सांगेल अशी साहेबांना भीती होती. आदल्या दिवशी पेंटर आला आणि चार्जिंग रूमच्या आतल्या भिंतीवर प्लायवूडची मोठी फळी ठोकून गेला. तिच्यावर हिरवी शेतं, निळं आभाळ, आमची गाडी आणि वर अक्षरं: 'उद्याची गाडी'. त्या फळीमागं दोन्ही खिडक्या गेल्या. आणि चार्जरचं बटणही गेलं. आत हात घालायला बाजूनं वीतभर फट ठेवली होती. पाण्याचं पिंप गबाळं दिसतं म्हणून बाहेर नेलं.

सकाळी मी ते बघितलं आणि सरळ साहेबांकडं गेले. "साहेब, बॅटऱ्या भरत आल्यात. गॅस सुटतोय. फळी काढावी लागेल."

"अकरा वाजता पाहुणे आहेत. दोन तासांनी काय जग बुडणार आहे?"

"मग मी दार उघडं ठेवून तिथंच थांबते."

"तू तिथं थांबायचं नाही. हे काय घातलंयस अंगावर? घरी साडी असेल ना? गेटवर ओवाळायला बाई पाहिजे."

प्लांटमध्ये बायका तिघीच होतो. दोघी पॅकिंगला होत्या, त्यांना लाइन सोडता येत नव्हती. म्हणून ज्या माणसाला त्या खोलीतला गॅस कळत होता, त्याच माणसाच्या हातात आरतीचं ताट दिलं. मी दादांना सांगून गेले, "दादा, मी येईपर्यंत कायबी हात लावू नका. आधी बटण, मग क्लिप."

"ठाव हाय की," ते हसले. "जावा, नटून या."

पाहुणे वेळेआधी आले. मी पहिल्या गाडीतल्या माणसाच्या कपाळाला कुंकू लावत होते, तेव्हा मागून आवाज आला. टायर फुटल्यासारखा, पण बसका. पाहुणे दचकले. साहेब माझ्या शेजारी नव्हते. माझ्या हातातलं ताट कुठं पडलं मला आठवत नाही. साडी वर धरून मी पळाले.

दादा दारात गुडघ्यावर बसले होते, दोन्ही तळहात तोंडावर. बॅटरीच्या वरच्या झाकणाचे तुकडे सगळीकडं. आंबट, घसा कापणारा वास. मी पिंप शोधलं, पिंप नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "दूध घाला डोळ्यात! गार दूध आणा!" कुणी खरंच पिशवी फोडली. मी ती हातातून हिसकावली. "पाणी! नुसतं पाणी!" क्रेट धुवायचा पाइप होता. मी त्यांचे हात ओढून बाजूला केले, पापण्या बोटांनी उघडल्या आणि पाइप सोडला. ते ओरडत होते. मी सोडलं नाही. किती वेळ ते माहीत नाही, जीप येईपर्यंत.

डॉक्टर नंतर म्हणाले, पाण्यामुळं उजवा वाचला. डावा गेला.

आणि कार्यक्रम? कार्यक्रम झाला. पाहुण्यांना सांगितलं, ट्रान्सफॉर्मरचा आवाज होता. सोळातली एक बॅटरी फुटली की बाकी पंधरांचा काही उपयोग नसतो, गाडी हलत नाही. मग सहा कामगारांनी गाडी मागून ढकलली. आत मोठे पाहुणे बसून हात हलवत होते. फोटो पुढून काढला. मी तेव्हा दादांच्या रक्ताच्या आणि ॲसिडच्या डागांची साडी नेसून दवाखान्याच्या बाकावर बसले होते.

चौथ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एका कागदावर लिहिलं होतं की खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या, सुरक्षेची सर्व व्यवस्था होती, कामगारास नियम समजावून सांगितले होते आणि त्यानं घाईनं, स्वतःच्या निष्काळजीपणानं क्लिप काढली. खाली माझं नाव, चार्जिंग ऑपरेटर. दुसरा कागद माझ्या कायम नोकरीचा.

साहेब आवाज न चढवता म्हणाले, "घरात पहिलीच नोकरी ना तुझी? सांभाळून राहावं."

मी सही केली.

याला मी दुसरं नाव देणार नाही. भीती होती, वय लहान होतं, सगळं खरं. सही माझीच.

घरी जाऊन नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. आईनं साखर काढली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी विचारलं, "त्या बबनरावांचं काय झालं?" आणि मला रडू आलं. सगळं सांगितलं. आबांनी साखरेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "माझ्या बापानं जलमभर अंगठा दिला. कागदावर काय लिव्हलंय ते त्याला कळत नव्हतं म्हनून. धम्म घेतला त्या सालापास्नं त्यानं एकच हट्ट धरला, पोरं शिकली पायजेत. तुला कळत व्हतं, सुजाता. तू वाचून सही केलीस."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

दादा घरी आल्यावर मी कऱ्हाटीला गेले. ओसरीत बाजेवर बसले होते, डोळ्यावर पट्टी. त्यांच्या मालकीणबाईंनी चहा दिला, माझ्याकडं बघितलं नाही. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाले, "सुजाताबाई, मी घाई केली का वो?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"बटणापुढं ती फळी व्हती. फटीतनं हात घातला, बोट पोचंना. साहेब दारात येऊन वरडत व्हते, पावणे आले, पावणे आले, क्लिपा काढ सरळ. म्या म्हनलं, साहेब, बटण. ते म्हनले, काढतूस का दुसऱ्याला बोलवू?" त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. "मला ठाव व्हतं, आदी बटण. तरी काढली. मंजी चूक माजीच न्हवं?"

तो माणूस डोळा घालवून वर अपराध स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला होता, आणि त्या अपराधाच्या कागदावर माझी सही होती.

"न्हाय दादा," मी म्हटलं. "तुमची न्हाय." आणि मग त्यांना माझ्या सहीचं सांगितलं. त्यांच्या मालकीणबाई आत निघून गेल्या. दादा एवढंच म्हणाले, "मग आता?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पुण्याला फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात गेले. लेखी दिलं की माझा आधीचा जबाब खोटा आहे आणि खरं काय आहे. तिथला कारकून म्हणाला, "बाई, यात तुम्हीही अडकाल." मी म्हटलं, "अडकवा."

इन्स्पेक्टर आठ-दहा दिवसांनी आले. बारीक, कमी बोलणारे. तोवर प्लांटनं फळी काढून जाळली होती, खिडक्या पुसून लख्ख केल्या होत्या, पिंप जागेवर आलं होतं. साहेब हसतमुखानं दाखवत फिरत होते. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, "पंखा नव्हता म्हणता. कंपनी म्हणते, मागवलाच नव्हता, खिडक्या पुरेशा होत्या."

"मागवला होता. दाखवते."

मी त्यांना अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत नेलं. साहेब म्हणाले, "इथं काय काम?" इन्स्पेक्टर बूट काढून स्वतः खुर्चीवर चढले. खिशातला रुमाल काढला आणि पंख्याच्या मागच्या बाजूचा तेलकट थर पुसला. पांढरी अक्षरं निघाली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "बॅ. रूम."

मग ते खाली उतरले, बूट घातले आणि चार्जिंग रूमच्या भिंतीवरची खिळ्यांची भोकं बटणाच्या दोन्ही बाजूंनी टेपनं मोजली.

दादांच्या नावावरचा निष्काळजीपणाचा शेरा काढून टाकला. दादांना भरपाई मिळाली आणि प्लांटमध्येच बसून करायचं काम मिळालं. ट्रॅक्टर मात्र पुन्हा रस्त्यावर चालवता आला नाही. ज्या माणसाचे हात स्टिअरिंगशिवाय रिकामे वाटायचे, तो क्रेट मोजत बसला. साहेबांचं काय झालं? दंड कंपनीनं भरला. साहेब वर्षभरात दुसऱ्या प्लांटला मोठ्या हुद्द्यावर गेले. निरोप समारंभ झाला, शाल घातली. मला नोकरीवरून काढलं नाही. क्रेट धुवायला टाकलं, आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला. सहा महिने धुतले आणि राजीनामा दिला. इंदापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरीचं दुकान टाकलं, ते आजही आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक शेडमध्ये डोकावून विचारायचं, "मेस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणायची, "मेस्त्री तुमच्याशीच बोलतोय."

आता मूळ प्रश्न. बॅटरीचं भवितव्य चांगलं आहे. त्या इंजिनिअरनं सांगितलं ते सगळं आलं. लिथियम आलं, गाड्या शेकडो किलोमीटर जातात, माझ्या दुकानासमोरून आवाज न करता निघून जातात आणि मला आनंद होतो. मी विजेच्या गाडीच्या विरोधात नाही. पण त्या गाडीबद्दल कुणी बोलायला लागलं की किती पळते एवढंच विचारतात. ती कुठं चार्ज होते, तिथं उभं कोण असतं, जुनी झाली की तिचं शिसं कुणाच्या दारात वितळतं, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मागच्या महिन्यात इंदापूरला एकानं ई-रिक्षांची एजन्सी काढली. त्या रिक्षांना अजून शिशाच्याच बॅटऱ्या असतात. वीस रिक्षा एका शेडमध्ये चार्ज करायच्या, बाई, तुम्ही येऊन बघा, म्हणून बोलावलं. शेड बघितली. तीन बाजू पक्क्या, वर पत्रा, एक शटर. मी विचारलं, "हवा जायला काय केलंय?"

"ते नंतर बघू की. रविवारी उद्घाटन हाय, आमदार येणार हायत."

मी पिशवी उचलली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. ते मागं पळत आले. "अवो बाई, बाई, येवढं चिडायला काय झालं? साधी हवा तर हाय!"

मी थांबले. म्हटलं, "एक करा. डाव्या डोळ्यावर हात ठेवा आणि इथून स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चला. रस्ता ओलांडायचा, रिक्षा चुकवायच्या, हात काढायचा नाही. पोचलात की सांगते काय झालं ते."

ते हसले. हात ठेवला नाही. शटरकडं परत गेले.

मी बारामतीची एसटी धरली, आणि खिडकीशी बसून फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयाला द्यायचा अर्ज लिहायला घेतला. रविवारला अजून तीन दिवस होते.